ट्राम, बार्शी लाईट आणि राखीव वाट

(कवठे महांकाळच्या अभ्यासिकेत केलेलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलं आहे. छापताना सनावळ्या आणि आकडे तेवढे नीट लावून घेतले.)



तुम्ही मला कविता वाचायला बोलावलंत. कविता आणल्यात, पिशवीत आहेत. पण मघाशी चहा पिताना इथल्या एका पोरानं मला गाठलं. हातात स्पर्धा परीक्षेचं गाईड. म्हणाला, "दादा, तुम्ही मुंबईला असता. ट्राम आणि लाईट रेल यात फरक काय? गाईडात दोन ओळी आहेत, त्या वाचून दोन्ही सारख्याच वाटतात."

मी त्याला म्हणालो, बाबा, तू मला फार मोठा समजतोयस. मी गोदीत बोजे उचलणारा माणूस. शिक्षण दहावी, जुन्या भाषेत मॅट्रिक. ट्राम मी बघितलेली नाही. मुंबईतली शेवटची ट्राम गेली तेव्हा माझा बापसुद्धा जन्मला नव्हता. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग मला कळलं की या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या या कवठ्यातच पडलेलं आहे, आणि उरलेलं अर्धं मी रोज पाळीवर जाताना डोक्यावर बघतो. म्हणून कविता राहू द्या. आज गाडीबद्दल बोलू. गाडीबद्दल म्हंजे रस्त्याबद्दल. आणि रस्त्याबद्दल बोलायला लागलं की आपल्याला कुठं पोचावं लागतं ते तुम्हाला माहीतच आहे.

आधी घरातलं बघू. माझी आज्जी याच तालुक्यातली. ती शेवटपर्यंत रेल्वेला रेल्वे म्हणाली नाही. 'बार्शीलाईट' म्हणायची, एका दमात, एकच शब्द. "बार्शीलाईट गेली का रं?" म्हंजे दुपार झाली का रं. आम्हा पोरांना वाटायचं, गाडीला पुढं दिवा आहे म्हणून लाईट. पुढं कळलं की लाईट म्हणजे दिवा नव्हे. लाईट म्हणजे हलकी.

आता 'हलकी' हा शब्द आपल्या कानाला कसा लागतो ते मी सांगायला नको. हलकं काम, हलकी जात. हलक्या कानाचा, हलक्या हाताचा. भाषेनं सगळा हलकेपणा आपल्या नावावर चढवून ठेवलाय आणि वजन मात्र आपल्याच पाठीवर दिलंय. गोदीत बघा. पन्नास किलोचं पोतं उचलणाऱ्याचं काम हलकं, आणि त्या पोत्याची नोंद करणाऱ्या पेनाचं काम भारी. तेव्हा लाईट शब्द आला की मी आधी विचारतो, हलकी म्हणजे कमी वजनाची, की कमी प्रतीची?

बार्शी लाईट रेल्वे ही कमी वजनाची होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती उभारली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत पहिली गाडी धावली. १९०६ साली ती पंढरपूरला आली, १९११ साली लातूरला गेली, आणि १९२७ साली पंढरपूर-सांगोला-जत रोड-ढालगाव-कवठे महांकाळ-सलगरे-आरग करत मिरजेला टेकली. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. दोन रुळांमध्ये अंतर अडीच फूट. आजच्या मोठ्या गाडीला साडेपाच फूट लागतं.

कॅलथ्रॉपचं डोकं वजनात होतं. त्याचं म्हणणं असं, की गाडी किती मोठी हे महत्त्वाचं नाही, चाकाच्या एका जोडीवर किती बोजा पडतो हे महत्त्वाचं. त्यानं हिशेब धरला पाच टनाचा. कुठल्याच जोडीवर पाच टनापेक्षा जास्त नको. मग रूळ हलका चालतो, पूल हलका चालतो, माती फार कापावी लागत नाही, खर्च निम्म्यावर येतो. पण बोजा जास्त चाकांवर नीट वाटून घेतला तर माल भरपूर जातो. दोस्तहो, हे गोदीतल्या माणसाला लगेच कळतं. चार क्विंटलची पेटी एकट्यानं उचलली तर मणका जातो. आठ जणांनी धरली तर चालत चालत जाते. हलकं म्हणजे दुबळं नव्हे. हलकं म्हणजे वाटून घेतलेलं.

तर ही झाली लाईट रेल्वे. गाडी छोटी, पण होती रेल्वेच. तिची स्वतःची वाट होती. खडी, स्लीपर, त्यावर रूळ, शेताच्या कडेनं, गावाच्या बाहेरून. तिच्या वाटेवर बैलगाडी चालवायची नाही. ती स्टेशनात थांबणार, मधे हात करून थांबणार नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

आता ट्राम. ट्राम मुंबईची. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक वाट कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरी बोरीबंदरहून पायधुणीला. रुळावर डबा आणि पुढं एक नाहीतर दोन घोडे. सुरुवातीला भाडं तीन आणे. त्या काळात तीन आणे हमालाच्या खिशात नव्हते. पुढं भाडं उतरत उतरत १८९९ साली एक आण्यावर आलं. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. १९२० साली दुमजली आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, ट्राम आणि वीज कंपनी महापालिकेच्या ताब्यात आली. आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. आज दादरला उतरून कुणालाही विचारा, दादर टी.टी. कुठाय? बोट दाखवतील. पण टी.टी. म्हंजे काय ते शंभरातल्या नव्वदांना सांगता येणार नाही. ट्राम टर्मिनस. गाडी गेली, रूळ गेले, दोन अक्षरं राहिली.

ट्रामचं वैशिष्ट्य काय? तिला स्वतःची वाट नव्हती. रूळ रस्त्यातच रोवलेला, रस्त्याच्या पातळीला, खाचेचा. त्या खाचेतून ट्रामचं चाक जातं आणि त्याच रुळावरून टांगा जातो, हातगाडी जाते, पाटीवाली बाई जाते, पोर पतंगामागं धावतं. ट्राम या सगळ्यांत मिसळून चालते. पुढं हातगाडी अडली की ट्राम अडली. थांबे जवळजवळ. चढायला एक पायरी. जिना नाही, फाटक नाही. रस्ता हाच प्लॅटफॉर्म.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडं येतो. गाईडात जी लाईट रेल आहे ती आपली बार्शी लाईट नव्हे. तो शब्द अमेरिकेत १९७२ च्या सुमारास सरकारी कागदावर रूढ झाला. झालं असं, की तिथल्या बहुतेक शहरांनी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ट्राम उखडून टाकली होती. मोटार आली, रुंद रस्ते आले, ट्राम म्हणजे म्हातारी झाली. मग मोटारींनीच शहरं तुंबली, तेव्हा पुन्हा रुळाची आठवण झाली. पण ट्राम म्हटलं तर जुनं वाटतं, लोक हसतील. म्हणून नवं नाव, लाईट रेल. कॅनडात एडमंटनला १९७८ साली सुरू झाली, अमेरिकेत सॅन डिएगोला १९८१ साली. इथं लाईटचा अर्थ डब्याचं वजन असा नाही. नव्या लाईट रेलचा डबा चांगला जड असतो. लाईट याचा अर्थ, मोठ्या मेट्रोपेक्षा कमी पसारा, कमी खर्च, कमी माणसं.

मग फरक कशात? वहीत लिहून घ्या, चार गोष्टी.

पहिली गोष्ट, वाट. ट्राम रस्त्यात मिसळून चालते. लाईट रेलला बहुतेक ठिकाणी स्वतःची राखीव वाट असते. कधी रस्त्याच्या मधोमध कट्टा करून, कधी जुन्या रेल्वेच्या जागेवर, कधी बोगद्यातून, कधी पुलावरून. दुसरी गोष्ट, थांबे. ट्रामचे थांबे दोनशे-चारशे मीटरवर, लाईट रेलचे अर्धा किलोमीटर, एक किलोमीटर, त्याहून लांब. तिसरी गोष्ट, डबा. ट्राम बहुधा एकटी जाते, लाईट रेलचे डबे एकाला एक जोडता येतात. चौथी गोष्ट, वेग. पण वेग हा वेगळा गुण नाही, तो पहिल्या दोहोंचं फळ आहे. वाट मोकळी आणि थांबे लांब, म्हणून गाडी जोरात. इंजिनाचा त्यात फारसा संबंध नाही. दोन्ही विजेवरच चालतात. जगात अशी कितीतरी शहरं आहेत की जिथं तीच गाडी, तोच ड्रायव्हर, पहिल्या दोन किलोमीटरात गर्दीच्या रस्त्यातून ट्रामसारखी सरपटते आणि शहराबाहेर राखीव वाटेला लागली की लाईट रेल होऊन पळते. गाडी बदलली नाही. वाट बदलली.

परीक्षेत एवढं लिही, मार्क मिळतील. पण मी परीक्षेसाठी आलेलो नाही. माझं म्हणणं या एका शब्दावर आहे. राखीव.

ट्राम मुंबईत का बंद पडली? सांगितलं काय गेलं? ट्राम संथ आहे, रस्ता अडवते. नीट बघा हं. त्या डब्यात माणसं खच्चून भरलेली. पुढं एका शेटची मोटार आडवी आली. मोटारीत माणूस एक, फार तर दोन. तुंबलं कोण? ट्राम. आणि नाव कुणाचं झालं, रस्ता अडवणारी म्हणून? ट्रामचं. हे आपल्याला नवीन आहे का? ज्याला वाटच दिली नाही, त्यालाच पुढं म्हणायचं, हा बघा मागं राहिला, याच्यात दमच नाही.

आता हिशेब घ्या. जाणकार सांगतात, रस्त्याची एक पट्टी नुसती मोटारींना दिली तर तासाला साधारण दीड-दोन हजार माणसं जातात. तीच पट्टी राखून ट्रामला नाहीतर बसला दिली, तर दहा हजारांच्या वर जातात. पट्टी तेवढीच, डांबर तेवढंच. तेव्हा वाट राखणं ही मेहेरबानी नव्हे. ते गणित आहे. माणसं जास्त आणि जागा कमी असलेल्याला वाट राखून दिल्याशिवाय तो वेळेवर पोचत नाही. हे कुठल्या पुढाऱ्याचं वाक्य नाही, हे वाहतुकीच्या इंजिनिअरिंगचं पहिलं पान आहे. आणि हेच वाक्य आपण शाळा-कॉलेजाबद्दल बोललो की पांढरपेशा माणसाच्या कपाळावर आठी चढते.

दिल्लीचं उदाहरण ऐका. २००८ साली दिल्लीत बसला राखीव पट्टी दिली. कुठून? आंबेडकर नगर ते मूलचंद. सहा किलोमीटरसुद्धा नाही. बसमधली माणसं पुढं सरकायला लागली आणि शेजारच्या पट्टीतले मोटारवाले बोंबलायला लागले. आमचा वेळ जातो, आमच्यावर अन्याय होतो. कोर्टात गेले. २०१२ साली दिल्ली हायकोर्टानं ती याचिका फेटाळली. तरी बोंब थांबली नाही. २०१६ साली ती पट्टी सरकारनंच उखडून काढली. आंबेडकर नगरहून निघणारी राखीव वाट कोर्टात जिंकली आणि रस्त्यावर हरली. नाव योगायोगानं आलंय, पण विसरू नका.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, दादा, मग लाईट रेल बरी, ट्राम वाईट. थांबा. एवढं सोपं असतं तर मी कविता वाचून घरी गेलो असतो.

राखीव वाट द्यायची म्हटली की दुसरा प्रश्न येतो, कुंपण कुठं घालायचं? २०१९ साली केंद्र सरकारनं 'मेट्रोलाईट' नावाचा नमुना काढला, लहान शहरांसाठी. बघा, लाईट शब्द फिरून परत आला. त्यात रस्त्यालगत राखीव वाट आणि दोन्ही बाजूंना कुंपण, अशी सोय सांगितली आहे. कुंपण गाडीसाठी चांगलं. पण कुंपणाच्या अलीकडं वस्ती आणि पलीकडं शाळा असली तर? मोटारीला अडवायला घातलेलं कुंपण पायी चालणाऱ्यालाच आधी अडवतं. मोटार पुढं जाऊन वळसा घेते. डोक्यावर हंडा असलेली बाई वळसा घेईल का? वाट राखताना वस्तीची ये-जा तुटता कामा नये, हे कागदावर कोण लिहिणार? ज्याला त्या कुंपणावरून उडी मारावी लागते तो कमिटीत नसतो.

आणि दुसरी तऱ्हा, कुंपण नको म्हणून गाडी आकाशात न्यायची. मी राहतो वडाळ्याकडं. माझ्या डोक्यावरून मोनोरेल गेलीय. सिमेंटच्या एकाच तुळईवर रबरी चाकांची गाडी. फेब्रुवारी २०१४ मध्ये वडाळा ते चेंबूर सुरू झाली, मार्च २०१९ मध्ये दुसरा तुकडा, वडाळा ते संत गाडगे महाराज चौक. वीस किलोमीटर, सतरा स्टेशनं. एका स्टेशनाचं नाव आंबेडकर नगर. शेवटचं स्टेशन गाडगेबाबांच्या नावाचं. ज्या माणसानं आयुष्यभर खराट्यानं जमीन झाडली त्याच्या नावाचं स्टेशन जमिनीपासून कितीतरी वर. नावं आपली, उंची त्यांची. ट्रामला एक पायरी होती, मोनोला सगळा जिना. सरकता जिना आहे, लिफ्ट आहे, मान्य. पण चुकून बंद असली तर म्हाताऱ्या माणसाला ते स्टेशन म्हंजे शिवनेरी.

१९ ऑगस्ट २०२५. मुंबईत धो धो पाऊस. हार्बरची लोकल बंद पडली. माणसं घरी जाणार कशी? सगळी मोनोवर लोटली. संध्याकाळी म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कच्या मधे गाडी अडकली. एमएमआरडीएनं नंतर सांगितलं, गाडीची ताकद १०४ टनांची, त्या दिवशी वजन झालं १०९ टन. वजनानं वीज घेणारा जोडा सुटला आणि गाडी जागेवर मेली. आत वारा नाही, दार उघडत नाही, खाली जमीन दूर. अग्निशमन दलानं शिड्या लावून ५८२ माणसं काढली. एका महिन्यानं, २० सप्टेंबर २०२५ पासून, सेवाच बंद ठेवली.

पाच टन जास्त. मी पाच टनावर थांबतो. गोदीत क्रेनच्या हातावर आकडा रंगवलेला असतो, इतक्या टनापर्यंत सुरक्षित. आकड्यापेक्षा जास्त उचललं तर क्रेनवाला गुन्हेगार. मालाला कुणी दोष देत नाही. पण गाडीचं वजन वाढलं तेव्हा लोक काय बोलले? गर्दी फार केली. जणू माणसंच चुकली. अरे, पावसात अडकलेला माणूस घरी जाणार नाही तर कुठं जाणार? मुंबईची गर्दी माहीत असताना इतकी हलकी गाडी कुणी निवडली? अडीच-तीन हजार कोटी ओतून? कॅलथ्रॉपनं सव्वाशे वर्षांपूर्वी आधी पाच टनाचा हिशेब केला आणि मग रूळ टाकला. यांनी आधी तुळई टाकली आणि पाच टनाचा हिशेब पावसावर सोडला.

आणि साधी गोष्ट. ट्राम बंद पडली तर माणूस खाली उतरून चालायला लागायचा. रस्त्यातली गाडी बंद पडली तरी रस्ता तुमचा असतो. आकाशातली गाडी बंद पडली की तुम्ही कैदी.

आता तुम्ही म्हणाल, मग ट्रामच बरी. रस्त्यात मिसळून चालणारी, सगळ्यांची. इथंही थांबा. रस्ता सगळ्यांचा असतो हे आपल्याला कुणी सांगितलं?

इथून फार लांब नाही, साताऱ्याच्या बाजूला मसूर स्टेशन आहे. १९०१ साली भीमराव नावाचा नऊ-दहा वर्षांचा पोर, भाऊ आणि बहिणीच्या पोरांबरोबर रेल्वेनं तिथं उतरला. वडील कोरेगावला खजिनदाराच्या नोकरीत होते, त्यांना भेटायला निघालेला. कपडे नीटनेटके. स्टेशनमास्तर आधी प्रेमानं बोलला. जात कळली आणि पाच पावलं मागं सरला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, एक गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक तयार झाला, पण अटीवर. गाडी पोरांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. १९२९ साली तेच बाबासाहेब, आता बॅरिस्टर, सरकारी कमिटीचे सभासद, चाळीसगावला उतरले. टांगेवाला मिळेना. महारवाड्यातल्या माणसांनी कसाबसा टांगा मिळवला, पण हाकायला टांगेवाला नव्हता. हाकणाऱ्याला सवय नव्हती. टांगा मोरीवर उलटला, बाबासाहेब दगडावर आपटले, पाय जायबंदी झाला.

दोन्ही वेळा बघा. रेल्वेनं आणलं, तिकीट घेतलं आणि आणून सोडलं. रेल्वेची वाट राखीव होती, तिथं चाकाला जात नव्हती. अडवलं ते स्टेशनाच्या बाहेर, रस्त्यात. शेवटच्या चार मैलांत. म्हणजे राखीव वाट कितीही चांगली असली तरी ती जिथं संपते तिथून पुढं काय, हा प्रश्न उरतोच. माझ्या आईला एकदा दवाखान्यात न्यायचं होतं. वडापच्या जीपमध्ये पुढची सीट रिकामी. वडापवाला म्हणाला, ती ठेवलीय, मागं फळीवर बसवा. कुणासाठी ठेवलीय ते आम्ही विचारलं नाही. गाडी सुटली तेव्हा सीट रिकामीच होती. राखीव जागा म्हणतात ती हीसुद्धा असते, दोस्तहो. हिच्याविरुद्ध कुणी कोर्टात जात नाही.

आपलेच असे भाऊबंद समुद्रापलीकडं. १६ जुलै १८५४, न्यूयॉर्क. घोड्याच्या ट्राममध्ये एलिझाबेथ जेनिंग्ज नावाची काळी शिक्षिका चढली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, उशीर झालेला. कंडक्टर म्हणाला, उतर. ती उतरेना. दांडी धरून बसली. शेवटी पोलिसाच्या मदतीनं तिला खाली ओढलं. ती कोर्टात गेली आणि १८५५ साली जिंकली. तिचा तरुण वकील चेस्टर आर्थर पुढं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. मग १९०० च्या आसपास दक्षिणेतल्या शहरांनी ट्राममध्ये काळ्यांची बसायची जागा वेगळी करणारे कायदे केले, तेव्हा पंचवीसहून जास्त शहरांत काळी माणसं ट्रामवर बहिष्कार घालून पायी चालली. मॉंटगोमेरीत १९०० साली चालली. त्याच मॉंटगोमेरीत १९५५ साली बसवर बहिष्कार पडला, तो सगळ्या जगाला माहीत आहे. त्याच्या आधीचा कुणाला माहीत नाही. ट्रामची एक पायरी होती, सगळ्यांना चढता येईल इतकी खाली. तरी ती पायरी चढायला शंभर वर्षं लागली.

तेव्हा मी ट्रामच्या बाजूचा नाही आणि लाईट रेलच्याही बाजूचा नाही. मी विचारतो ते तीन प्रश्न. वाट कुणासाठी राखली? पायरी किती उंच? थांबा कुठं?

शेवटी परत कवठ्यात येऊ. बार्शी लाईटची अडीच फुटी वाट या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मोठी झाली. लहानपणी मी त्या छोट्या गाडीनं मिरजेला गेलोय, बाकावर कमी आणि दारात जास्त. मोठी गाडी आली, चांगलं झालं. मी रडत नाही. २०१६ च्या दुष्काळात हीच मोठी वाट होती म्हणून एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी करत तीनशे बेचाळीस किलोमीटरवर लातूरला. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. पुढं पन्नास टाक्या, पंचवीस लाख लिटर, म्हणजे अडीच हजार टन पाणी एका गाडीत. लातूरची तहान खरी होती, पाणी गेलंच पाहिजे होतं. पण ती गाडी गेली कुठून? तुमच्या कवठ्यावरून. ज्या तालुक्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी यादीत आहे त्याच्या डोळ्यासमोरून अडीच हजार टन पाणी रुळावरून गेलं. वाट आपल्या शेतातून, थांबा दुसरीकडं. मी दोष देत नाही, फरक दाखवतोय. गाडी आपल्याजवळून जाते आणि गाडी आपल्यासाठी थांबते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्राम आणि लाईट रेलमधला फरक मला विचाराल तर इथं आहे. जास्त थांबली की तुंबते, कमी थांबली की आपल्याला सोडून जाते. कुठं किती थांबायचं हे ठरवणाऱ्या खोलीत आपला माणूस पाहिजे.

त्या गाईडवाल्या पोराला मी एक काम देतोय. तुम्हा सगळ्यांनाच. उद्या सकाळी वही घ्या. आपल्या वस्तीपासून रेल्वे स्टेशनपर्यंत, गाडीच्या थांब्यापर्यंत, सरकारी दवाखान्यापर्यंत किती पावलं होतात ती मोजा. मग गावाच्या चौकापासून मोजा. दोन्ही आकडे शेजारी लिहा. म्हातारं माणूस किती ठिकाणी बसतं ते लिहा. वाटेत पायरी किती उंच, दिवा कुठं नाही, पोरी अंधारात कुठून चालत नाहीत, सगळं लिहा. त्याच्या चार प्रती करा. एक तहसीलदाराला, एक रेल्वेला, एक आमदाराला द्या, आणि चौथी या मासिकाला पाठवा. शहरातल्या वाचणाऱ्यांनाही हेच सांगतो. तुमच्या वस्तीवर मेट्रोचा खांब उभा राहतोय ना? मग जिन्याच्या पायऱ्या मोजा.

परीक्षेत वेगळेपणा विचारला तर वाट, थांबा, डबा, वेग असं चार ओळींत लिही. पण पास होऊन साहेब झालास आणि अशा गाडीची फाईल तुझ्या टेबलावर आली, तर सही करण्याआधी ही वही काढ.

उशीर झाला. मला रात्रीच्या गाडीनं परत जायचंय, परवा पहिली पाळी आहे. कविता पुढच्या वेळी.

जय भीम.